चिंबोरीच्या गोष्टीचा शेवट

जाहिरात आली सुनेच्या मोबाइलवर, नातीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, आणि तिने ती मला दाखवली ती निव्वळ चिडवायला. म्हणाली, आई, तुमची चिंबोरी आता स्टेजवर गाणी म्हणायला लागलीय. मी चष्मा शोधून नीट बघितलं. डोंबिवलीच्या नाट्यगृहात, रविवारी दुपारी, खाडीकाठच्या एका जुन्या लोककथेवरचं संगीत नाटक. चित्रात एक लालभडक चिंबोरी, आणि तिच्या पाठीवर परकर खोचून बसलेली मुलगी. ही आमचीच गोष्ट! आमची म्हणजे माझी, आणि माझी म्हणजे खरं तर माझ्या बायची.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही मूळच्या कोलशेतच्या. आता तिथे लोक बाविसाव्या मजल्यावरून खाडीचा व्ह्यू बघत कॉफी पितात, पण आमच्या लहानपणी गाव संपलं की बांध, बांधापलीकडे मिठागरं, आणि त्यापलीकडे तिवरं आणि चिखल. आई-बाबा दोघंही मिठागरावर जायचे. मी पाच वर्षांची असताना आई गेली. तापाचं निमित्त झालं. बाबा पुढे कोलशेतच्याच एका कंपनीत लागले, कायमचे रात्रपाळीला, आणि रात्री आम्हा दोघी बहिणींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. त्या रात्रींत बायने मला ही गोष्ट सांगितली. एकदा नव्हे, रोज. दुसरी सांगू गेली तर मी भोकाड पसरायचे.

गोष्ट अशी आहे. एक बाई मिठागरावर काम करते. तिची लहान मुलगी बांधावर तिवराच्या सावलीत बसलेली असते, आणि तिची मैत्रीण असते एक चिंबोरी. म्हणजे खेकडीण, पण आमच्याकडे खेकडा म्हटलं तर लोक हसतात. एके दिवशी खाडीला उधाण येतं आणि बांध फुटतो. आई डोक्यावरची चिखलाची पाटी घेऊन फुटलेल्या जागी उभी राहते, बांध वाचतो, पण खाडी तिला पाटीसकट घेऊन जाते. मुलगी हाका मारते. चिंबोरी म्हणते, बस माझ्या पाठीवर, आपण खाडीकडे जाऊ आणि मागू. वाटेत बगळा भेटतो, त्याला मुलगी वेणीची रिबीन देते. चिखलात उड्या मारणारा निवटी मासा भेटतो, त्याला बांगड्या देते. मग मोठा जिताडा मासा भेटतो, तो तिचं हसू मागतो, तेही ती देते. शेवटी तळाशी खाडी भेटते, म्हातारी बाई, पांढरे केस मोकळे सोडून बसलेली. ती म्हणते, भरतीला नेलेलं मी ओहोटीला देते. जा, बांधावर बसून राहा. मुलगी येऊन बसते. ओहोटी लागते. पाणी मागे मागे जातं, चिखल उघडा पडतो. आणि त्या चिखलातून तिची आई चालत येते, लुगडं पिळत, कमरेवर पाटी घेऊन, आणि लेकीला विचारते, "भात ठेवलास का गो?"

बस. एवढं ऐकलं की मी निजायचे.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून हूं म्हणायचं असतं. हूं थांबलं की सांगणाऱ्याने समजायचं, पोर निजलं, आता गप्प बसावं. माझं हूं आई चिखलातून बाहेर येईपर्यंत कधी थांबलं नाही. डोळे मिटत असायचे, पण आई पाण्यात असताना झोपायचं कसं? ती बाहेर आली, भाताचं विचारलं, की मग पुढचं काही आठवत नाही.

पुढे मी बालवाडीत शिकवायला लागले, वर्तकनगरमध्ये, लग्न होऊन तिकडे गेल्यावर. निवृत्त होईपर्यंत त्या एकाच खोलीत शिकवलं. दरवर्षी नवी रडकी पोरं यायची, आईचा पदर सोडायला तयार नसायची, आणि दरवर्षी मी पहिल्याच आठवड्यात त्यांना चिंबोरीची गोष्ट सांगायचे. औषधासारखी लागू पडायची. आई जाते, आई परत येते आणि जेवायचं विचारते, एवढं पोरांना पटलं की अर्धं काम झालं. आजही भाजी घेताना एखादा दाढीवाला मध्येच थांबून विचारतो, टीचर, भात ठेवलात का? म्हणून सांगते, ही गोष्ट मला नुसती आवडते असं नाही. त्या शेवटावर मी माझी नोकरी केली, आणि त्याआधी माझं लहानपण काढलं.

तर नाटक म्हटल्यावर मी तडक बायला फोन लावला.

बाय कोलशेतलाच राहते. जमिनीवर टॉवर झाला, त्यात दोन फ्लॅट मिळाले, एकात मुलगा, एकात ती. फ्लॅटमध्ये राहते पण मासे अजून स्वतः बघून घेते, कोळणीशी भांडून. मला वाटलं होतं ती उडी मारेल. तिने आधी गुडघे काढले. मग म्हणाली, रविवारी वाम येते, ती कोण घेणार? मग म्हणाली, डोंबिवली काय इकडे आहे का, शीळफाट्याला अडकलं की नाटक तिकडेच सुटेल. मी म्हटलं, गाडी मी बोलावते, गुडघ्याला तेल मी लावते, आणि वाम तुझ्या सुनेला घेऊ दे, तिलाही डोळे आहेत. मग तिने विचारलं, "शेवटाला काय दाखवतान?"

मी म्हटलं, काय दाखवणार, जे आहे तेच.

आता मागे वळून बघताना कळतं. तेव्हा मला तिचा रागच आला होता. कारण या गोष्टीवरून तिचं हे जुनंच होतं. मी मोठी झाले, शाळेला लागले, त्यानंतर बायने ती गोष्ट परत कधी सांगितली नाही. स्वतःच्या मुलाला नाही, माझ्या मुलाला नाही. बाकीच्या सांगायची, भुताच्या, चोराच्या, लबाड बगळ्याच्या. ही म्हटली की म्हणायची, विसरले. बाय विसरणाऱ्यातली नाही. गावातल्या कोणत्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं ते ती आजही सांगते. एकदा लहानपणी गावात कुणाकडे तरी हळदीला बायका बसल्या होत्या आणि एक म्हातारी पोरांना तीच गोष्ट सांगायला लागली, तर बाय मला दंडाला धरून तरातरा घरी घेऊन आली होती. तेव्हा मला वाटलं, हिला वाटतं गोष्ट हिच्या एकटीच्या मालकीची आहे. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं.

रविवारी आम्ही तिघी निघालो. बाय, मी आणि नात. नात सात वर्षांची. तिलाही गोष्ट अर्थात माझ्याकडून पाठ. गाडीत तिने बायला सगळी सांगून दाखवली, निवट्याचा आवाज काढून. बाय खिडकीबाहेर बघत होती. गोष्ट भाताशी आली तेव्हा तिने नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, गुणाची गो माझी. बायने हिरवी नऊवारी नेसली होती, ठेवणीतली. मी मनात म्हटलं, चला, आढेवेढे घेतले तरी नटून आली की.

शीळफाट्याला अडकलो, पण वेळेत पोचलो. नाट्यगृह भरलेलं होतं. पुढे मुलं आणि त्यांचे आई-बाप, पॉपकॉर्न, पाण्याच्या बाटल्या, खुर्च्यांवर उभं राहणं वगैरे. पण मागच्या रांगांत बघते तर आमच्यासारख्या कितीतरी बायका, गजरे घातलेल्या, खाडीकाठच्या गावांतल्या. नाटक बसवणारा मुलगा कोपरचा होता म्हणे, त्याने आपल्या गावच्या सगळ्या आज्यांना आणलं होतं. हे शेजारच्या बाईने सांगितलं, आणि तो तिचा स्वतःचाच पुतण्या असल्यागत सांगितलं.

नाटक छान होतं. मी खोटं कशाला बोलू? पेटी, ढोलकी आणि एक कीबोर्ड, तिघंही वादक स्टेजवरच एका कोपऱ्यात. खाडी दाखवायला लोक निळं कापड हलवतात, याने मातकट कापड घेतलं होतं, आणि ते बघूनच मी म्हटलं, या पोराने खाडी बघितलेली आहे. मिठागर म्हणजे जमिनीवर नुसते चौकोन, त्यांच्यावर पांढरा उजेड. बायका मीठ ओढतात त्याचं एक गाणं होतं, सगळ्यांच्या हातात लांब दांड्याच्या फळ्या, आणि फळी मागे ओढतानाचा जो झोका असतो ना, कमरेतून, तो अगदी बरोबर घेतला होता. मी बायकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते आणि जरा जरा हलत होते. चिंबोरी म्हणजे एक जाडा मुलगा, हातांना लाल नांग्या, तिरका तिरका चालत असा काही गायचा की सगळी पोरं किंचाळत होती. आमची नात तर खुर्चीवर टिकायलाच तयार नाही. बगळा आला, निवटी आला, जिताड्याला दोघांनी मिळून आत शिरून नाचवलं होतं. एकही सुटला नव्हता. हसू देण्याचं गाणं ऐकताना मी रडले. मला वयाने लवकर रडू येतं.

आणि गोष्ट सांगणारी एक बाई होती, स्टेजच्या कडेला, पाटावर बसलेली. तिने सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगून ठेवलेलं, हूं म्हणा, नाहीतर मी समजेन तुम्ही झोपलात. पोरं मुद्दाम बेंबीच्या देठापासून ओरडायची, हूंऽऽ. मागच्या बायका मात्र म्हणायच्या तशा, हळू, जिथे म्हणायला पाहिजे तिथे. मीपण. बाय मात्र गप्प होती. मी एकदा कोपराने ढोसलं, तर तिने हात बाजूला केला.

मग खाडीम्हातारी म्हणाली, भरतीला नेलेलं ओहोटीला देते. मुलगी बांधावर येऊन बसली. मातकट कापड हळूहळू मागे सरकायला लागलं. पेटीचा एकच सूर. मी नातीचा हात धरला. तिच्या कानात म्हटलं, आता बघ हं, आता येते.

कापड सरकत सरकत पार मागे गेलं आणि रिकाम्या स्टेजवर, मधोमध, एक पाटी राहिली. पालथी.

मी वाट बघितली. वाटलं, आधी पाटी, मग आई. मुलगी उठली, पाटीपाशी गेली. तिने ती उलटी केली, परकराने पुसली. पाटावरची बाई म्हणाली, खाडीने दिलं ते एवढंच. मग पोरीने पाटी डोक्यावर घेतली.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, "हूं."

बाय. सगळ्या नाट्यगृहात पहिली. बाकीच्या बायकांचं हूं त्यानंतर आलं. ती पुढे बघत होती, तिचे डोळे कोरडे होते, आणि पाटावरची बाई पुढचं वाक्य बोलायच्या आधी तिचे ओठ हलले. पोर मिठागरावर गेली, बाई म्हणाली. हूं, बाय म्हणाली. चिंबोरी बांध संपेपर्यंत तिच्यामागून गेली. हूं. मुलगी पाटी घेऊन त्या पांढऱ्या चौकोनांत शिरली, मीठ ओढणाऱ्या बायकांच्या ओळीत उभी राहिली, आणि तेच सुरुवातीचं गाणं परत सुरू झालं. पडदा.

टाळ्या वाजत होत्या आणि माझं डोकं फिरलं होतं. नात मला विचारत होती, आजी, आई कुठेय? मी म्हटलं, थांब, विचारते त्यांना. बायने माझा पदर धरला. म्हणाली, बस खाली. मी कसली बसते? चार दशकं पोरांना सांगितलेली गोष्ट कुणी स्टेजवर उलटी करतंय आणि मी टाळ्या वाजवू?

तो मुलगा बाहेर लॉबीत उभा होता, झब्बा घालून, लोकांचे फोटो, हस्तांदोलनं चाललेली. मी गर्दी बाजूला सारून गेले. त्याला आधी सांगितलं की सगळं उत्तम केलंय, कारण ते खरंच होतं. मग म्हटलं, पण शेवटाची माती केलीस बाळा. लहान मुलांच्या नाटकात आई मारून टाकतोस? ती परत येते. भात ठेवलास का विचारते. सगळ्या गोष्टीचा जीव त्यात आहे आणि तोच काढून टाकलास?

तो गोंधळला, पण चिडला नाही. म्हणाला, मावशी, मी काही बदललं नाही. माझ्या आजीने अशीच सांगितली, आणि नंतर मी खाडीकाठच्या गावागावांत फिरलो, सगळीकडे अशीच मिळाली. मी म्हटलं, तुमच्या कोपरला असेल. कोपरवाल्यांनी काय सांगावं, त्यांची मिठागरं केवढीशी. कोलशेतला गोष्ट वेगळी आहे, आणि मूळची कोलशेतची आहे. हे मी कुठून काढलं ते मला आजही माहीत नाही, पण बोलले खणखणीत. मागे उभ्या असलेल्या कोपरच्या दोन बायकांनी कमरेवर हात ठेवले. आता एका चिंबोरीवरून दोन गावं भिडणार अशी वेळ आली. मुलगा बिचारा खरंच उत्सुक झाला होता. खिशातून मोबाइल काढून म्हणाला, तुमच्याकडचा शेवट मला रेकॉर्ड करू द्याल का? मी म्हटलं, मी कशाला, जिने मला सांगितला ती सांगेल, आणि बायला हाताला धरून पुढे ओढलं. म्हटलं, सांग गो याला.

बायने त्या मुलाकडे बघितलं. मग त्याच्या मागच्या बायकांकडे. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नाटक बराबर हाय," ती म्हणाली. "आमच्याकडं पन असाच सांगतान."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती मुलाला म्हणाली, फळी ओढायचं तू कुठे शिकलास, बरं केलंस. त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि दाराकडे चालायला लागली. मी मागून, नात माझ्यामागून. कोपरच्या बायका काही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी असते तर बोलले असते.

गाडी यायला वेळ होता. बाहेर कट्ट्यावर बसलो. नातीला मी वडापाव घेऊन दिला, आणि चिंबोरीवाला मुलगा नांग्यांसकट बाहेर आला तशी ती फोटो काढायला पळाली. तिला शेवटाचं काही फारसं नव्हतंच. चिंबोरी शेवटपर्यंत बरोबर होती ना, मग झालं, असं तिचं मत. मी भांडत होते ते नातीसाठी नव्हतं, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं.

मी बायला म्हटलं, मग तू मला खोटी का सांगितलीस?

ती गुडघा चोळत होती. मग म्हणाली, "तू निजत नवतीस."

आणि थोड्या वेळाने, अगदी साधेपणाने, बाजारातली गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं. आईनेच तिला ती गोष्ट सांगितलेली, खरी, पाटीची. आई गेल्यावर पहिल्यांदा बायने मला तीच सांगितली, कारण तिला तीच येत होती. तर मी उठून बसले. म्हणाले, पाटी नको, आई पाहिजे. आणि दाराकडे तोंड करून उजाडेपर्यंत तशीच बसून राहिले. मला यातलं काहीही आठवत नाही.

"मंग दुसरे राती आनली तिला," बाय म्हणाली. "गोष्टच ती. माझ्या बापाचा काय जात व्हता?"

मी हसले. हसता हसता मला दिसलं ते मी आजवर कधी बघितलंच नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हा बाय बारा वर्षांची होती. शाळेतून तिचं नाव काढलं आणि ती मिठागरावर जायला लागली, आईच्या जागी. आईची पाटी घेऊन. तीच पाटी, काठाला आईने जुन्या लुगड्याची चिंधी शिवलेली, डोक्याला टोचू नये म्हणून. बायच्या डोक्याला ती मोठी व्हायची, डोळ्यांवर यायची, म्हणून ती मान जरा मागे टाकून चालायची. आजही तशीच चालते. लोकांना वाटतं, बाई ताठ्यात आहे. दिवसभर ती खऱ्या गोष्टीत असायची आणि रात्री मला दुसरी सांगायची. मी निजल्यावर ती कुठल्या शेवटावर निजत असेल?

हे मी तिला विचारलं नाही. बरं झालं. तिने मलाच वेड्यात काढलं असतं.

गाडी आली. येताना नात बायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. कोलशेतला बायला सोडायला वर गेलो. तिचा मुलगा आणि सून बाहेर गेलेले. सुनेने वाम आणून साफ करून ठेवली होती आणि कालवणही करून ठेवलं होतं. बायने झाकण काढून वास घेतला आणि चिंच कमी आहे म्हणाली, चाखून न बघता. नातीला दिवाणावर आडवी केली.

बायच्या गॅलरीतून खाडी दिसते. मिठागरं आता नाहीत. बांध पडले, तिवरं आत शिरली, सगळं हिरवं झालंय. ओहोटीची वेळ होती. तिवरांच्या मधून चिखल चकाकत होता आणि त्यात बगळे उभे होते, कुणाकडे काही मागत नसल्यासारखे. बाय खुर्चीवर बसली, मी तिच्या पायाशी, जमिनीवर. तेलाची बाटली आणली होती, तिचे गुडघे चोळायला घेतले. तसं कबूलच केलं होतं मी.

आणि मला तिचे पाय आठवले. संध्याकाळी ती बांधावरून यायची तेव्हाचे. गुडघ्यापर्यंत पांढरे, मीठ सुकून तडकलेलं, टाचांना भेगा. मी दारात बसलेली असायचे. ती पाटी भिंतीला टेकवायची, आणि पाय धुवायच्याही आधी विचारायची, भात ठेवलास का गो? आधी तो प्रश्न आमच्या आईचा होता. बायने तो उचलून गोष्टीत घातला, आणि मग रोज संध्याकाळी दारात येऊन तो विचारला. मला वाटायचं, ती माझ्याशी गोष्ट गोष्ट खेळतेय.

मी म्हटलं, "बाय, तुझा शेवट खोटा नव्हता गो. माझी आई रोज परत आली."

ती खाडीकडे बघत होती. मी चोळत राहिले. वाटलं, ऐकलं नाही बहुतेक, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं करतेय, तेही तिला चांगलं जमतं.

"हूं," बाय म्हणाली.

मग जरा वेळाने म्हणाली, "भात मात्र एक दिवस धड नसायचा. खाली करपलेला, वर कच्चा."

मी हात पुसले आणि भात ठेवायला आत गेले.